आईची तीन मुलं

परवा रविवारी आम्ही सगळे आईकडे जमलो होतो. निमित्त आमरसाचं. दुसऱ्या वाटीपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग आमच्या मेहुण्यांनी विषय काढला आणि जेवणाची पंगत मोडून बैठक सुरू झाली.

विषय अर्थातच भाची. दहावीला ९३ टक्के. गणितात ९६. आणि कार्टी म्हणते, मला आर्ट्सला जायचंय. इतिहास घ्यायचाय, पुढे पुरातत्त्व शिकायचंय.

दोन मिनिटं नुसता पंख्याचा आवाज. मग काका म्हणाले, "९३ टक्के मिळवून आर्ट्स? मग एवढा अभ्यास कशाला केलास गं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसलोय. (काका, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. राग मानू नका, तुमच्यावरच लिहितोय असं नाही. तुम्ही बोललात ते सगळ्यांच्याच मनात होतं.)

त्या वाक्यात आपली अख्खी शिक्षणपद्धत बसलेली आहे. मार्क म्हणजे पैसे. जेवढे खिशात, तेवढा महागाचा माल घ्यायचा. ९३ टक्के खिशात असताना आर्ट्स घेणं म्हणजे पैठणीचे पैसे हातात असताना सुती लुगडं घेऊन घरी येणं. बाईला लुगडंच हवं होतं का, हे विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही.

आणि उलटही तितकंच खरं. ज्याला ४५ टक्के पडले त्याला आपण सांगतो, "जा आता आर्ट्सला." तालुक्याच्या गावी तर ही शाखा फी कमी आणि प्रवेश नक्की म्हणूनच भरते. म्हणजे माणसाचा इतिहास, माणसाची भाषा, माणसं एकत्र कशी राहतात याचा विचार, हे सगळं आपण 'उरलेल्यांसाठी' ठेवलंय. तिथे शिकणाऱ्या पोरांचा त्यात काही दोष नाही. त्यांच्यातली कितीतरी हुशार असतात. पण पहिल्या दिवसापासून त्यांना कळलेलं असतं की आपण रांगेत शेवटी उभे आहोत.

गंमत बघा. त्याच घरातला मुलगा इंजिनीअर होतो, दोन वर्षं नोकरी करतो आणि मग सदाशिव पेठेत खोली घेऊन एमपीएससीच्या अभ्यासाला बसतो. काय वाचतो? इतिहास, भूगोल, राज्यघटना, समाजसुधारक. यूपीएससीला बसलेले कित्येक इंजिनीअर वैकल्पिक विषय म्हणून मराठी साहित्य घेतात. पंचविसाव्या वर्षी परीक्षेपुरता का होईना, तोच अभ्यास प्रतिष्ठेचा होतो. सोळाव्या वर्षी आवडीने मागितला की मात्र घरात सुतक!

असो. आता माझी बाजू सांगतो, कारण मी काही तटस्थ पंच नाही.

१९९० साली मी दहावी झालो. ८२ टक्के. तेव्हा ८२ म्हणजे पेढे वाटण्याइतके. मराठीत शाळेत पहिला. आमच्या मराठीच्या सरांनी बाबांना शाळेत बोलावून सांगितलं, "याला भाषेकडे जाऊ द्या." बाबा तहसील कचेरीत कारकून. त्यांनी सरांना चहा पाजला, आभार मानले आणि घरी येताना सायकलवर मागे बसलेल्या मला एवढंच म्हणाले, "सर बरोबर बोलतात. पण त्यांना पगार आहे."

मी सायन्सला गेलो. पुढे सॉफ्टवेअर. घर झालं, गाडी झाली, बाबांच्या शेवटच्या आजारपणात पैसे कमी पडले नाहीत. तेव्हा बाबांनी चूक केली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पोटाचा प्रश्न खोटा नसतो. जो माणूस "पैशाचा विचार करू नकोस, मनासारखं कर" असं सोळा वर्षांच्या मुलीला सांगतो, त्याच्या घरी बहुधा पैसे असतात. आमच्या मेहुण्यांना काळजी वाटते ती मुलीवरच्या मायेपोटी. कला शाखेनंतरच्या नोकऱ्या कमी आहेत, पुरातत्त्वातल्या तर हाताच्या बोटांवर. हे मी तिला स्वतः सांगितलंय.

तरीही मी तिच्या बाजूने आहे. का, ते सांगण्यासाठी जरा मागे जावं लागेल.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तिला शाळेचा प्रकल्प होता. 'माझे गाव, माझे घराणे.' आमचं गाव शिरूर तालुक्यातलं. तिने वंशावळ काढायला घेतली आणि कागद-पेन्सिल घेऊन आईजवळ बसली. आई आता सत्त्याहत्तरची. भाचीने विचारलं, "आजी, तुला मुलं किती?"

आई म्हणाली, "तीन."

आता आम्ही भावंडं दोन. मी आणि माझी धाकटी बहीण. आई "तीन" म्हणते हे मी लहानपणापासून ऐकलेलं आहे. जनगणनेच्या बाईंनाही ती एकदा 'तीन' म्हणाली होती आणि बाबांनी 'दोन लिहा' म्हणून सांगितलं होतं. एक मूल आमच्या आधी गेलं एवढं आम्हाला मोघम माहीत होतं. पण पन्नास वर्षांत मी कधी एक शब्द विचारला नाही. बहिणीने नाही. बाबा असताना तो विषयच नव्हता.

भाचीने विचारलं. "तिसरं कोण?"

आणि आईने सांगितलं. इतक्या सरळ, की जणू कोणीतरी विचारायचीच वाट बघत होती. १९६९ साल. मुलगी. आठ दिवस जगली. बारसं व्हायचं होतं म्हणून नाव नाही. सासरे आणि दीर तिला घेऊन गेले, ओढ्याकडे कुठेतरी. बाळंतिणीला उठू दिलं नाही. "कुठं ठेवली ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायचं नसायचं तेव्हा."

मी शेजारच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो. सगळं ऐकू येत होतं. उठून जायचा धीर झाला नाही.

प्रकल्पासाठीच भाचीने तालुक्याची माहिती गोळा केली आणि त्यात तिला इनामगाव सापडलं. घोड नदीच्या काठचं गाव, आमच्या गावापासून फार लांब नाही. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं उत्खननं केली. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ.स.पूर्व १६०० ते ७०० च्या सुमारास तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून जास्त घरं उकरून निघाली. चुली, धान्याच्या कणग्या, पाण्याचा पाट. जव पिकवायचे, गुरं पाळायचे. पुढे पाऊसमान बिघडलं तशी ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, असं त्यातल्या अभ्यासकांनी मांडलं. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीचा दुष्काळ घरांच्या आकारावरून ओळखला! शिरूरच्या माणसाला याचं फार काही समजावून सांगावं लागत नाही.

पण भाची अडकली ती दुसऱ्याच गोष्टीत. तिथली माणसं मेलेल्यांना घरातच पुरत. जमिनीखाली, नाहीतर अंगणात. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून पुरलेले सापडले. मेलेल्याने उठून निघून जाऊ नये म्हणून असावं, असा एक अंदाज आहे. आणि बहुतेक दफनं लहान मुलांची. तान्ह्या मुलाला दोन मातीच्या रांजणांत ठेवायचं, रांजण आडवे करून तोंडाला तोंड लावायचं आणि घराच्या जमिनीखाली खड्डा करून ठेवून द्यायचं. वर पुन्हा जमीन सारवायची. त्यावरच स्वयंपाक, त्यावरच झोप.

तिने हे सगळं आजीला वाचून दाखवलं. मी म्हटलं, अगं कशाला सांगतेस म्हातारीला असलं काहीतरी. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं होतं बाई त्यांचं. लेकरू घरातच राहिलं."

मंडळी, मी पंचवीस-सव्वीस वर्षं नोकरी केली. त्यात शिकलो खूप. पण माझ्या आईला माझ्यासमोर असं वाक्य बोलायला लावील असा एक प्रश्न मला विचारता आला नाही. पंधरा वर्षांच्या पोरीला आला. तिला त्यासाठी दोन गोष्टी लागल्या. एक, विचारायची बुद्धी. दुसरी, तीन हजार वर्षांपूर्वीची कोणीतरी आई. ती दुसरी गोष्ट तिला कोणी दिली? उन्हात बसून ब्रशने माती झाडणाऱ्या, खापरांवर नंबर टाकणाऱ्या, हाडं मोजणाऱ्या आणि मग ते सगळं नीट लिहून ठेवणाऱ्या माणसांनी. त्यांच्याही घरी कोणीतरी विचारलं असेलच की, हे करून पुढे काय?

माणूस इतर प्राण्यांपेक्षा वेगळा कशात, हा प्रश्न शाळेत निबंधाला असायचा. आम्ही लिहायचो, माणूस हत्यारं वापरतो. पण १९६० साली जेन गुडाल यांनी टांझानियात गोंबेच्या जंगलात चिंपांझीला काडीची पानं खुडून ती वारुळात घालताना आणि वाळवी काढून खाताना पाहिलं, तिथे ते उत्तर संपलं. मग म्हणायचं, माणसाला भाषा आहे. तर मधमाशी नाचून मैत्रिणींना फुलांची दिशा आणि अंतर सांगते. ते उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. तिच्या नाचाला आपल्यासारखी भाषा म्हणता येणार नाही हे खरं, पण 'फक्त माणूसच सांगतो' हे गेलं. बुद्धी म्हणाल तर १९९७ साली बुद्धिबळात कास्पारोव्ह यंत्राकडून हरला. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हापासून निबंधच काय, आमच्या ऑफिसातलं बरंचसं कोडही यंत्र लिहितंय. म्हणजे ज्या सुरक्षित वाटेवर बाबांनी मला सायकलवरून नेलं, तीही आता पूर्वीइतकी सुरक्षित राहिलेली नाही. (मेहुण्यांनी या वाक्याची नोंद घ्यावी.)

मग दुःख? मला बरीच वर्षं वाटायचं की मेलेल्यासाठी झुरणं हे तरी माणसाचंच. तेही नाही. हत्ती मेलेल्या हत्तीच्या हाडांपाशी थांबतात, सोंडेने चाचपतात. २०१८ साली अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्याजवळ एका ओर्का माशिणीचं (मासा नव्हे, सस्तन प्राणी, भाची मला लगेच दुरुस्त करेल) पिल्लू जन्मल्यावर थोड्याच वेळात मेलं. तिने ते सतरा दिवस पाण्यावर उचलून धरलं. ती बातमी वाचताना मला माझी आई आठवली होती. आईला आठ दिवसांचं मूल सतरा मिनिटंही धरू दिलं नव्हतं.

म्हणजे दुःखही आपलं एकट्याचं नाही. मग उरलं काय?

मला वाटतं ते असं. ती ओर्का तिच्या पिल्लासाठी झुरली. पण आपल्या जन्माच्या चाळीस वर्षं आधी गेलेल्या, नावही नसलेल्या एका मावशीसाठी माझ्या भाचीचे डोळे भरून आले. आणि तिथून पुढे जाऊन, तिची कोणीही न लागणाऱ्या, तीन हजार वर्षांपूर्वीच्या इनामगावच्या एका बाईसाठी. जी बाई आपण पाहिली नाही, जिची भाषा आपल्याला ठाऊक नाही, जिचा देव कोणता ते सांगता येत नाही, तिचं दुःख आपल्या दुःखाशेजारी ठेवून बघणं. आपल्याला ठाऊक असलेल्या प्राण्यांपैकी हे दुसरं कोणी करत असल्याचं दिसत नाही. यंत्राला विचारलं तर ते इनामगावची माहिती दोन सेकंदांत देईल, कदाचित माझ्यापेक्षा चांगल्या मराठीत. पण आईशेजारी बसून "तिसरं कोण?" असं विचारायची गरज त्याला वाटली नव्हती. ती गरज वाटावी लागते. आणि वाटली की पुढे ती सांभाळायला शिकावं लागतं.

हे 'शिकावं लागतं' महत्त्वाचं आहे, कारण इथे आपला मोठा गैरसमज आहे. गणित शिकावं लागतं, पण इतिहास काय, गोष्टीच तर आहेत, असं आपल्याला वाटतं. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली सुरू केली आणि ती १९६६ साली पूर्ण झाली. देशभरातल्या हजाराहून जास्त हस्तलिखितांमधले श्लोक शब्दाशब्दाने ताडून पाहिले. जो पाठ मूळ धरला नाही तोही फेकून दिला नाही, खाली टीपेत नोंदवला. डॉ. सुकथनकर या कामाचे प्रमुख होते. १९४३ साली ते गेले, पण काम थांबलं नाही. ४७ वर्षं! माझा एकही प्रोजेक्ट अठरा महिन्यांच्या पुढे टिकलेला नाही.

आणि त्याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी जमाव चालून गेला. इतिहासाचाच वाद, आणि मोडतोड झाली ती इतिहासाची साधनं जपणाऱ्या वास्तूची. मला त्या दिवशी एक गोष्ट नीट कळली. इतिहास शिकलो नाही म्हणून तो आपल्याला सोडत नाही. तो मिरवणुकीतून येतो, निवडणुकीत येतो, आता तर रोज सकाळी 'फॉरवर्डेड' होऊन मोबाइलवर येतो. प्रश्न इतकाच, की तो पुराव्याने वाचायला शिकलेली थोडी माणसं आपण तयार करणार की नाही. अशी माणसं चांगलीच असतील याची हमी मी देत नाही. भरपूर वाचलेली, पदव्या घेतलेली आणि मनाने कोती माणसं मीही पाहिली आहेत. साहित्य वाचून माणूस आपोआप सज्जन होत नाही. पण "हे कशावरून?" असं विचारायची सवय तरी लागते. तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

काका म्हणाले, गणितात ९६ पडलेत ते वाया जातील. काका, गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी गणितज्ञ होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणितावर काम करायचे. त्याच माणसाने जुनी आहत नाणी एकेक करून तराजूत तोलली आणि झिजेच्या हिशेबावरून त्यांच्या काळाविषयी अनुमान काढायची पद्धत बसवली. भर्तृहरीच्या सुभाषितांची आवृत्ती सिद्ध केली. पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवत दगडी हत्यारं वेचली, म्हसोबा-सटवाईची ठाणी पाहिली आणि १९५६ साली भारताच्या इतिहासाकडे बघायची दृष्टीच बदलणारं पुस्तक लिहिलं. त्यांना अकरावीचा फॉर्म भरताना कुठल्या रकान्यात टाकलं असतं? रकाने फॉर्मवाल्यांनी केले. इनामगावच्या कोळशाचं वय ठरवायला भौतिकशास्त्र लागलं, हाडांना शरीरशास्त्र लागलं आणि तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांपुढे गप्प उभं राहायला आणखी काहीतरी लागलं. हिचं गणित वाया जाणार नाही.

माझं म्हणणं सगळ्यांनी आर्ट्सला जावं असं मुळीच नाही. ज्याला यंत्रात जीव आहे त्याने यंत्राकडे जावं. आणि जे सायन्सला जातील त्यांच्याही हाती इतिहास आणि भाषा अकरावीनंतर संपू नये, असं मला फार वाटतं. माझ्या हातून त्या संपल्या. मी मराठीत पहिला आलेला मुलगा, आणि आईला काय विचारावं हे मला सुचलं नाही. त्याचा दोष मी कॉलेजला देत नाही. पण सराव सुटतो हे खरं.

वंशावळ भाचीने पूर्ण केली. शाळेत दहापैकी आठ मार्क मिळाले. दोन गेले, कारण एक चौकोन रिकामा सोडला होता आणि बाईंना वाटलं नाव लिहायचं राहिलं. ती वंशावळ आता आईच्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. बाबांच्या आणि आईच्या चौकोनाखाली तीन चौकोन. पहिल्यात नाव नाही, फक्त साल : १९६९. आईने मला विचारलं, "आता तिचं नाव ठेवलं तर चालेल का रे?" मी म्हटलं, चालेल की. अजून ठरवत्येय ती.

फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. पसंतीक्रम अजून कोरा आहे. जावईबापू, हे वाचलंत तर उत्तर लिहू नका, सरळ घरी या. आमरस संपलाय, पण चहा ठेवतो. आणि या वेळी तिला समोर बसवून विचारू. सल्ला द्यायला नको, विचारूया.